उजेड किती आत जातो

मी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीचं मांस विकत घ्यायला गेले, तेव्हा ते मागायचं कसं हेच मला माहीत नव्हतं. दुकानदारानं विचारलं, "काय बनाना है? रस्सा, के सुक्का?" मी म्हणाले, "प्रयोगाला पाहिजे." तो जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला, मग माझ्याबरोबरच्या मैत्रिणीकडं वळला. ती म्हणाली, "बिनहाडाचं द्या चाचा, छातीचं. चरबी काढा तेवढी." त्यानं मान हलवली आणि सुरी उचलली. मी बाहेर येऊन रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले.

आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. खाली अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं दुकान, वर आम्ही. घर लिंगायताचं, त्यामुळं अंडंसुद्धा कधी जिना चढून वर आलेलं नव्हतं. घरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायची. वाक्य अप्पांनी कानडीत सुरू करावं आणि गिऱ्हाईक आलं की मराठीत संपवावं, असं. मी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि विद्यापीठात पीएच. डी.ला लागले, तेव्हा नातेवाइकांनी विषय विचारला की अव्वा म्हणजे माझी आई सांगायची, "ती काजळ करते."

तिचं अगदीच चूक नव्हतं. मी बिस्मथ नावाच्या धातूचे आणि गंधकाचे अतिशय बारीक कण बनवायची, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नयेत. चंबूत आधी पाण्यासारखं स्वच्छ द्रावण असायचं. ते तापत गेलं की आधी पिवळं व्हायचं, मग विटकरी, मग तपकिरी, आणि बघता बघता काळंभोर. हे रंग बदलताना बघायला मला इतकं आवडायचं, की पहिले काही महिने मी चंबूसमोरून हलायचेच नाही. त्यातून एक वायू निघायचा. पुस्तकात त्याला नासक्या अंड्यासारखा वास येतो असं लिहिलेलं. मी नासकं काय, चांगल्या अंड्याचाही वास कधी घेतलेला नव्हता. माझं उलटं झालं. त्या वायूवरून मला अंडं नासल्यावर कसा वास येत असेल ते कळलं. संध्याकाळी घरी गेले की अव्वा म्हणायची, "आधी कपडे बदल. काय शिजवता गं तुम्ही तिथं?"

या काळ्या पाण्याची दोन कामं होती, आणि दोन्ही एकाच कणाकडून करून घ्यायची हाच माझा विषय होता. बिस्मथ जड धातू. क्ष-किरण त्याच्यात अडतात, हाडात अडतात तसे. म्हणजे हे कण गाठीत जाऊन बसले, तर सीटी स्कॅनमध्ये ती गाठ पांढरी उठून दिसेल. दुसरं म्हणजे हे कण प्रकाश पितात आणि तापतात. लाल रंगाच्या पलीकडं एक प्रकाश असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. तो शरीरात साध्या उजेडापेक्षा जास्त आत शिरतो. त्या प्रकाशाचा लेसर गाठीवर सोडायचा. कण तापतील, गाठ जळेल, आजूबाजूचं शाबूत राहील. आधी बघायचं आणि मग तिथंच तापवायचं. कागदावर हे इतकं सोपं वाटायचं, की जगात अजून कुणी हे दवाखान्यात का आणलं नाही, याचंच मला नवल वाटे. खरं तर पुष्कळ जण त्याच्या मागं होते, सोन्याचे कण घेऊन, कार्बनचे घेऊन. आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणं बिस्मथ घेतलं होतं.

आमचा लेसर डबीएवढा होता. तो चालू केला तरी काही दिसत नसे. हिरवट चष्मे घालून मी आणि माझी ती मैत्रीण त्याच्या समोर बसायचो. पलीकडं काळ्या पाण्याची कुपी आणि तिच्यात तापमान मोजायची तार. काही हालचाल नाही, आवाज नाही, उजेड नाही, आणि आकडा मात्र भराभर चढतोय. मोबाइलचा कॅमेरा धरला की पडद्यावर एक फिकट जांभळा ठिपका दिसायचा. डोळ्याला न दिसणारं मोबाइलला दिसतं, ही गोष्ट मी घरी येऊन अप्पांना टीव्हीच्या रिमोटवर करून दाखवली होती. त्या दिवशी त्यांनी दुकानात आलेल्या चार जणांना तरी ती दाखवली असेल.

एकदा आमच्या गाइड मॅडमनी आकड्यांचा तक्ता बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "पाणी तापलं. छान. माणूस म्हणजे कुपी आहे का? मध्ये मांस आलं की तुझा उजेड किती आत जातो, ते मला सांग."

म्हणून ती कोंबडी.

मैत्रीण माझ्याच बाकावर काम करायची. ती सांगोल्याकडची, घरी शेळ्या-मेंढ्या. तिचा विषय सौर घटांचा, पण माझ्या लेसरवर तिचा जीव होता. मांसाचे एकसारखे पातळ काप पाहिजे होते आणि ते निसटत होते. ती म्हणाली, "जरा गोठवू की. अर्धं कडक झालं म्हंजी नीट कापतंय." तसं केलं. तिनं कापलं आणि मी जाडी मोजली. हात लावायची वेळ आली तेव्हा मी दोन दोन हातमोजे घातले. मग पाचव्या-सहाव्या कापाला कधीतरी मी ते विसरून गेले.

कुपीवर काप नसताना आकडा धावायचा. एक काप ठेवला तर तो चालायला लागला. दोन ठेवले तर रेंगाळला. तीन ठेवले आणि खालच्या कुपीला काही पत्ताच नाही. मी लेसर पुनःपुन्हा तपासला. तो चालू होता. मग हा सगळा उजेड गेला कुठं? मैत्रिणीनं खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइल बाजूनं धरला. पडद्यावर तो अख्खा मांसाचा काप आतून जांभळा उजळला होता, दिव्यावर कागदाची टोपी घातल्यासारखा. उजेड सरळ खाली न जाता सगळीकडं पसरत होता. आम्ही दोघी बराच वेळ ते बघत बसलो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं, कारण माझा प्रयोग फसत होता. पण तसं वाटलं नाही. इतके दिवस तो उजेड माझ्यासाठी वहीतली एक सरळ रेघ होता. आता तो खरोखर काय करतो हे दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुईनं काळा थेंब थेट मांसाच्या आत सोडला, फार खोल नाही. त्यावर लेसर धरला. थोड्या वेळानं थेंबाभोवती गुलाबी मांस पांढरट पडायला लागलं. मी वहीत लिहिलं, "रंग फिका पडला, नमुना बहुधा खराब." मैत्रीण माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती म्हणाली, "अगं, खराब कुटं? शिजलंय ते."

मला खरंच कळलं नव्हतं. शिजलेलं मांस कसं दिसतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी ते खोडून नीट लिहिलं. मग बिनथेंबाच्या मांसावर तेवढाच वेळ लेसर धरला. ते कोमट झालं, पण गुलाबीच राहिलं. म्हणजे काम काळ्या थेंबाचंच होतं.

त्या रात्री जेवताना मी घरी सगळं सांगून टाकलं. अप्पा ताटाकडं बघत राहिले. अव्वानं थापलेली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "उद्यापासून तिथनं आलीस की आधी आंघोळ. मगच स्वयंपाकघरात." मी हो म्हणाले. ती भाकरी उलटत होती. मग पाठमोरीच म्हणाली, "शिजलं म्हणतेस, ते वरनं का आतनं?"

"आतनं. जिथं काळं आहे तिथनं."

"आणि वरची कातडी?"

"ती नुसती कोमट होते."

तिनं भाकरी फुगेपर्यंत त्यावर विचार केला. "असं कसं?" ती म्हणाली. मी परातीतल्या पिठात बोट खुपसून तिला समजावत बसले आणि माझी भाकरी गार झाली.

नंतर राहिलं होतं दुसरं काम, बघण्याचं. विद्यापीठात सीटीचं यंत्र नव्हतं. मॅडमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या स्कॅन सेंटरवर रविवारी दुपारी यायला सांगितलं, पेशंट नसतील तेव्हा. आम्ही प्लॅस्टिकच्या डब्यात कुप्या लावल्या, कमी काळ्यापासून जास्त काळ्यापर्यंत, आणि शेजारच्या डब्यात थेंब सोडलेलं मांस. रिक्षात डबे मांडीवर धरून निघालो.

तिथं यंत्र चालवणाऱ्या टेक्निशियननं विचारलं, "पेशंटचं नाव?" नाव भरल्याशिवाय संगणक पुढं जात नव्हता. मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं. त्यानंच शेवटी 'टेस्ट' असं भरलं आणि वयाच्या जागी एक टाकलं.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून बसली होती. त्यांचा स्कॅन सकाळीच झाला होता, रिपोर्टसाठी थांबले होते. आजोबांचा उजवा गाल सुजलेला, त्यावर उपरण्याचं टोक धरलेलं. आजोबांनी डब्याकडं बोट दाखवलं. "हे काय हाय?"

मी सांगायला लागले. मला कुणी विचारलं की थांबता येत नसे. काळं पाणी, न दिसणारा उजेड, तापणं, गाठ. ते वळसंग गावचे, शेती करणारे. बोलताना मध्येच कानडी शब्द यायला लागले, म्हणून मीही कानडीत शिरले आणि मग ते आणखी पुढं सरकून बसले.

"उजेड मांसातनं जातो व्हय?" त्यांनी विचारलं.

"थोडा जातो, अज्जा. फार नाही."

"जातो. पोरं रात्री बॅटरी तळहाताखाली धरत्यात, हात लालभडक दिसतोय." मग त्यांनी उपरणं बाजूला केलं. "माझा गाल तर येवढाच हाय."

मी त्यांच्या गालाकडं बघितलं. माझ्या एका कापापेक्षा तो फारसा जाड नव्हता. गाठ गालाच्या आतल्या बाजूला, तंबाखू धरायच्या जागी, असं सुनेनं सांगितलं. इतके दिवस मी उजेड कुठं पोचत नाही तेच मोजत होते, आणि जिथं तो पोचला असता अशी जागा समोर बाकावर बसली होती. 

"माझ्यावर करा की," ते म्हणाले.

"नाही करता येत, अज्जा. अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही. हे काळं अंगात गेल्यावर पुढं कुठं जातं, बाहेर पडतं की यकृतात, मूत्रपिंडात बसून राहतं, मला माहीत नाही."

"मग उंदराला आदी द्या," ते शांतपणे म्हणाले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. जाताना सुनेनं माझा नंबर घेतला.

आमचा डबा यंत्रात गेला. काचेपलीकडच्या पडद्यावर कुप्या उमटल्या, पहिली जवळपास दिसेना आणि शेवटची चुन्यासारखी पांढरी. डोळ्यांना जी सगळ्यात काळी, ती यंत्राला सगळ्यात पांढरी. मांसातला थेंब जोंधळ्याच्या दाण्यासारखा चमकत होता. टेक्निशियन म्हणाला, "लई क्लिअर आलंय की." मी खूश व्हायला पाहिजे होते. झालेही, पण अर्धीच.

आठवडाभरानं सुनेचा फोन आला. "ताई, आमचे मामंजी ऑपरेशनला नको म्हनत्यात. डॉक्टरांनी गालाचा भाग काढायचा सांगितलाय. ते म्हनत्यात, त्या पोरीचं औषध होऊ द्या, मग बघू."

मी पहिल्यांदा घाबरले आणि मग चिडले. मी तर नाही म्हणाले होते. स्पष्ट म्हणाले होते. पण मी किती वेळ बोलले होते, किती रंगून बोलले होते, तेही मला आठवत होतं. मी सुनेला म्हणाले, "त्यांना सांगा, वाट बघायची नाही. गाठ थांबत नाही."

"आमी सांगून दमलो," ती म्हणाली. "तुमी येऊन सांगता का?"

अव्वा शेजारी गवार निवडत होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "उद्याच जाऊ. मी येते. म्हाताऱ्या माणसाशी एकटी काय बोलणार तू?"

अक्कलकोट रस्त्यानं एसटीनं वळसंगला गेलो. मी पिशवीत मांसाच्या कापांचे फोटो आणि आकड्यांचा आलेख घेतला होता. घर गावाच्या कडेला, दारात कडबा रचलेला. आजोबा बाजेवर बसले होते. "बर्री, कूडरी," म्हणाले, या, बसा. सूज वाढली होती आणि बोलणं गालात अडकत होतं.

मी फोटो काढले. एक काप, दोन काप, तीन काप. "हे बघा अज्जा, इथं उजेड पोचलाच नाही. मी स्वतः करून बघितलंय."

त्यांनी एका कापाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हितं पोचला न्हवं?"

"पोचला. पण ते मेलेलं मांस होतं. त्यात रक्त वाहत नव्हतं. जिवंत गालात रक्त वाहतं, ते उष्णता ओढून नेतं. काळं गाठीतच थांबेल का, तेही माहीत नाही."

"किती दिवसांत माहीत हुईल?"

"दिवसांत नाही. वर्षं लागतील. किती, ते मला सांगता येत नाही. कदाचित माझ्याच्यानं होणारही नाही, दुसरंच कुणी करेल."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता पटलं. पण ते म्हणाले, "आमी थांबतो."

मी पिशवीतून आलेख काढला. तेव्हा इतका वेळ सुनेशी बोलत बसलेली अव्वा कानडीत म्हणाली, "अहो अण्णा, ही माझी लेक. हिला अजून गॅसवर दूध ठेवलं तर उतू न घालवता तापवता येत नाही. तुम्ही हिच्या हातात गाल देणार?"

आजोबा तिच्याकडं बघायला लागले. मग उजव्या गालावर हात दाबून धरून ते हसले. हसताना दुखत असावं, कारण डोळ्यांत पाणी आलं. सूनही तोंडाला पदर लावून हसली. मी आलेख हातात धरून तशीच बसले होते.

अव्वा मग हलक्या आवाजात म्हणाली, "ती शिकतेय. तिला शिकू द्या. तुम्ही डॉक्टरचं ऐका."

 आजोबा दारातल्या गुरांकडं बघत बसले. मग त्यांनी मला विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर ते तुझं यंत्र बघायला येऊ का?"

"या की," मी म्हणाले.

ऑपरेशन झालं. गालाच्या जागी छातीवरचं मांस आणि कातडी आणून लावली, आणि पुढं विजेचा शेक, म्हणजे रेडिएशनही, घ्यावा लागला. त्यासाठी ते सून आणि मुलाबरोबर सोलापुरातच खोली घेऊन राहिले. अव्वा दर दोन-तीन दिवसांनी पातळ आंबील घेऊन जायची, कारण तोंड फार उघडत नव्हतं. मी कधी तिच्याबरोबर जायची, कधी नाही.

शेक संपल्यावर एका सकाळी ते खरोखर विद्यापीठात आले. मॅडमना मी आधी सांगून ठेवलं होतं. आम्ही त्यांना हिरवट चष्मा दिला, तो त्यांच्या नव्या गालावर नीट बसेना, म्हणून मैत्रिणीनं त्याला दोरा बांधून दिला. लेसर चालू केला. त्यांना काही दिसलं नाही. मोबाइलवर जांभळा ठिपका दाखवला, कुपीत चढणारा आकडा दाखवला. मग मांसाचा काप. थेंबाभोवतीचं मांस पांढरं पडेपर्यंत ते जागेवरून हलले नाहीत.

"उंदराला दिलं का?" त्यांनी जड जिभेनं विचारलं.

"आमच्याकडं तशी सोय नाही, अज्जा. काळं पाणी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवलंय. तिथल्या मुली करतायत."

"आन् त्या काय म्हनत्यात?"

"अजून काही नाही. मोजतायत."

त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि सुनेला म्हणाले, हे काळं पाणी करतात कसं तेही बघून जाऊ. म्हणून मी नवा चंबू लावला. त्यांना खिडकीजवळ बसवलं, कारण वास येणार होता. द्रावण पिवळं झालं तेव्हा ते खुर्ची पुढं ओढून बसले.

पुढं माझी पीएच. डी. झाली. प्रबंधात मी उजेड किती आत जातो याचं एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्यात न पोचलेले आकडेही सगळे घातले. आता मी सोलापुरातल्याच एका कॉलेजात शिकवते. आजोबा वळसंगला आहेत, बोलणं थोडं बोबडं झालंय, सहा महिन्यांनी तपासणीला येतात. पुण्याच्या मुलींचे मेसेज अधूनमधून येतात. उंदरांच्या यकृतात ते काळं बरेच दिवस टिकून राहतं, असं त्यांना दिसलंय, आणि कण शरीराबाहेर लवकर पडावेत म्हणून त्यांच्यावरचं पातळ आवरण बदलून बघू का, असं त्यांनी परवाच विचारलंय. मी त्यांना दोन आवरणं सुचवली आहेत. त्यातलं दुसरं चालेल असं मला वाटतं, पण का वाटतं ते अजून नीट सांगता येत नाही.